बंगल्याला खांब लावले की तो व्हिक्टोरियन होतो का?

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत ब्रिटिश काळातल्या मुंबईच्या इमारतींवर लेख आलाय तो वाचला, छान आहे, बोरीबंदरचा पानभर फोटो तर कापून ठेवलाय. माझी तक्रार लेखाबद्दल नाहीये. त्याच पुरवणीच्या मागच्या पानावर एका स्कीमची जाहिरात होती, 'व्हिक्टोरियन स्टाईल रो-हाउसेस', आणि चित्रात काय तर दारापुढे चार गरगरीत गोल खांब, त्यावर त्रिकोणी माथा, गच्चीच्या कठड्याला त्या बाटलीसारख्या कांड्या आणि गेटवर दोन सिंह. सिंह डरकाळी फोडतायत की जांभई देतायत ते काही कळत नाही. आमची ही म्हणाली, वा, अगदी लंडनसारखं. तिथे माझं डोकं सटकलं, म्हणून हे पत्र.

मी पुण्यात ३८ वर्षं आर्किटेक्ट लोकांच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन, म्हणजे नकाशे काढणारा होतो. आर्किटेक्ट नव्हे हे आधीच सांगतो, नंतर कोणी डिग्री विचारायला नको. टी-स्क्वेअर, ट्रेसिंग पेपर, ब्लेडने खरवडून चुका काढणं, ॲमोनिया प्रिंटचा तो डोळ्यात पाणी आणणारा वास, आणि शेवटची बारा-तेरा वर्षं ऑटोकॅड. जास्त करून बंगलेच काढले. त्यामुळे घर कोणी कसं बांधलं याचं मला वेड आहे, आणि त्या वेडात गेली काही वर्षं मी एका माणसाच्या मागे लागलोय त्याचं नाव चार्ल्स फ्रान्सिस ॲनस्ली व्हॉयसी. व्हिक्टोरिया राणीच्या शेवटच्या पंधरा-वीस वर्षांत घरं बांधणारा आर्किटेक्ट. आपल्याकडे त्याचं नाव फारसं कोणी घेत नाही कारण त्याने ना स्टेशन बांधलं ना हायकोर्ट, आयुष्यभर बहुतेक घरंच केली.

राणी १८३७ ला गादीवर आली आणि १९०१ ला गेली. त्रेसष्ट वर्षांत एकच स्टाईल कशी राहील? आपल्या घरात आजोबांचा वाडा आणि नातवाचा फ्लॅट यात जेवढा फरक तेवढाच तिथेही. बोरीबंदरचं काम १८७८ ला सुरू झालं आणि १८८८ ला पूर्ण झालं, फ्रेडरिक स्टीव्हन्सचं काम, घुमट, कमानी, माकडं, मोर, सगळं दगडात. आणि नेमक्या त्याच १८८८ साली तिकडे वॉरविकशायरमधल्या बिशप्स इचिंग्टन नावाच्या खेड्यात व्हॉयसीचं पहिलं घर उभं राहिलं, बुटकं, पांढरं, उतरत्या छपराचं, नाव काय तर 'द कॉटेज'. दोन्ही व्हिक्टोरियनच की हो. पण जाहिरातवाल्यांना दुसरं माहीतच नाही, आणि खरं सांगायचं तर त्यांच्या चित्रातलं पहिल्यातही बसत नाही.

व्हॉयसीचा बाप पाद्री होता. यॉर्कशायरमधल्या हीलॉ गावाचा. आणि असा पाद्री की ज्याने कायमचा नरक वगैरे काही नसतो असं चर्चमधूनच सांगायला सुरुवात केली, बायबलमधला शब्दन् शब्द खरा मानायलाही नकार दिला. केस झाली, पार प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे अशा खटल्यांच्या तेव्हाच्या शेवटच्या कोर्टापर्यंत गेली, १८७१ ला निकाल विरुद्ध लागला आणि नोकरी गेली, राहतं घरही गेलं असणार कारण पाद्र्याचं घर चर्चचंच असतं. मग बिऱ्हाड लंडनला, तिथे बापाने स्वतःचं थीइस्टिक चर्च काढलं, एकच देव, बाकी कर्मकांड नाही. आपल्याकडे मुंबईत प्रार्थना समाज १८६७ ला निघाला होता, तीच हवा वाहत होती म्हणायची. पोरगा तेव्हा चौदा वर्षांचा. म्हणजे ज्या वयात पोरं क्रिकेट खेळतात त्या वयात याने बघितलं की आपल्याला जे पटतं ते बोललं तर घरदार जातं आणि तरी माणूस उभा राहतो. पुढे हाच पोरगा क्लाएंटशी आणि बिल्डरशी कसा वागला ते बघितलं की बाप आठवतो.

१८७४ ला तो जॉन पोलार्ड सेडन नावाच्या आर्किटेक्टकडे पाच वर्षांसाठी शिकाऊ म्हणून लागला. तेव्हाची पद्धत अशी की कॉलेज-बिलेज नाही, बापाने पैसे भरून पोराला ऑफिसात ठेवायचं, पोराने ट्रेसिंग करत करत शिकायचं. पगार मिळायच्या ऐवजी द्यायचा! मला सुरुवातीला महिना ३५० रुपये मिळायचे तर मी रडायचो. या सेडनबद्दल एक मजा सांगतो. हा गॉथिकवाला, म्हणजे जुन्या चर्चसारख्या टोकदार कमानी काढणारा, पण १८८१-८२ च्या सुमाराला यानेच केंटच्या समुद्रकिनाऱ्यावर बर्चिंग्टन गावात बंगले बांधले. बंगले म्हणजे बंगलेच, त्यांनी शब्दही आपल्याकडूनच उचलला, बंगालमधल्या घरावरून पडलेलं नाव, इंग्लंडात सुट्टीला समुद्रावर जाऊन राहायचं टुमदार घर या अर्थाने तिथे रुजलं. आता आपण इथे 'इंग्लिश स्टाईल बंगला' म्हणतो. फिरून परत आलं.

सेडननंतर थोडे दिवस एकाकडे, मग जॉर्ज डीव्हीकडे. डीव्ही हा खेड्यातल्या जुन्या घरांचा अभ्यास करून श्रीमंतांची घरं तशी बांधणारा, म्हणजे नवं घर पण वाटायला हवं की शंभर-दोनशे वर्षं इथेच आहे. तिथून बाहेर पडून व्हॉयसीने स्वतःचं ऑफिस काढलं. आणि मग काय, काम नाही. ज्याने कोणी नवीन ऑफिस काढलंय त्याला माहितीय, पाटी लावली म्हणजे लोक येत नाहीत. तेव्हा मॅकमर्डो नावाच्या मित्राने त्याला वॉलपेपरची डिझाइन कशी काढायची ते शिकवलं, १८८३ च्या सुमाराला पहिली विकली गेली, आणि हा माणूस पुढे आयुष्यभर त्यावर जगला. पक्षी, झाडं, फळं, पानं, सगळं सपाट रंगात. वॉलपेपर, कापड, गालिचे. गंमत अशी की स्वतःच्या घरात शक्यतो साधी भिंत किंवा लाकडी पॅनेल असावं असं त्याचं मत, आणि पोट मात्र लोकांच्या भिंतींवर पक्षी चिकटवून भरत होतं. याला ढोंग म्हणा हवं तर, मी म्हणणार नाही, मी स्वतः तीन वर्षं संध्याकाळी दुकानांच्या पाट्या रंगवल्यायत.

तर ते पहिलं घर. याचं १८८५ ला लग्न झालं होतं, स्वतःसाठी एक कॉटेज काढलं कागदावर, बांधायला पैसे नाहीत. ते डिझाइन एका मासिकात छापून आलं, ते बघून एका माणसाने विचारलं की असंच मला बांधून द्याल का. झालं. आता त्यात विशेष काय होतं? विशेष हेच की स्वस्त होतं आणि ते लपवलेलं नव्हतं. साध्या विटेच्या नऊ इंची भिंती. भिंत पातळ, मग उभी कशी राहणार, तर बाहेरून जागोजागी तिरके टेकू, खाली रुंद वर निमुळते, बट्रेस म्हणतात ते. आणि पातळ विटेतून पाणी आत येणार, इंग्लंडचा पाऊस माहितीय तुम्हाला, आपल्यासारखा चार महिने धो धो नाही, बारा महिने चिरचिर. म्हणून वरून रफकास्ट.

रफकास्ट आपल्याकडच्या जुन्या मिस्त्रींना सांगायला नको. पुण्यात जुन्या बंगल्यांवर अजून बघायला मिळतो, खडबडीत गिलावा, बारीक खडी मिसळलेला. थापीने लिंपायचा नसतो, फेकायचा असतो. मी ऐंशीच्या सुमाराला एका म्हाताऱ्या मिस्त्रीला तो करताना बघितलाय, एका हातात घमेलं, दुसऱ्या हातात थापी, मनगटाचा एक झटका आणि माल भिंतीवर चप्प करून बसायचा, दहा हात मारले तरी जाडी सारखी. खाली पडलेला माल परत उचलून मारू द्यायचा नाही. असा गिलावा असला की पाणी सरळ धारेने उतरत नाही, खडीखडीवर अडतं, तुटतं, गळून जातं. व्हॉयसीचं म्हणणं एवढंच की पातळ भिंत आणि वरून रफकास्ट हे जाड भिंतीइतकंच उबदार आणि कोरडं राहतं आणि पैसे वाचतात. लोकांनी नंतर त्याला 'व्हॉयसी स्टाईल' म्हटलं. स्टाईल कसली, हिशोब होता.

बाकीचं पण तसंच. छपराच्या वळचणी भरपूर बाहेर काढायच्या म्हणजे पागोळ्या भिंतीपासून लांब पडतात, त्या वळचणीला आधार म्हणून बारीक लोखंडी ब्रॅकेट. खिडक्या उंच आणि सुट्या सुट्या नाहीत, आडव्या रांगेत, एकाला एक लागून, मधे दगडी दांडे, बऱ्याचदा छपराच्या अगदी खाली. आत छतं बुटकी. त्या काळच्या बड्या घरात उंच छत म्हणजे इभ्रत, आणि हा म्हणतो छत खाली असलं की खोली लवकर तापते, खिडकीतला उजेड छतावरून खाली येतो, खोली आपली वाटते. (मुंबईपुण्यात हे चालणार नाही, आपल्याला उकडतं, आपलं गणित उलटं. एवढं कळायला आर्किटेक्ट कशाला हवा, पण किती जण तिकडचं प्लॅन इकडे चिकटवतात.)

आता मी प्रत्यक्ष काय बघितलं ते सांगतो. माझी मुलगी लंडनच्या बाजूला असते, तीन वर्षांपूर्वी आम्ही दोघं दोन महिने राहून आलो. सगळे जातात तिथे एक दिवस गेलो, राजवाडा बघितला, घड्याळ बघितलं. मग मी म्हटलं मला टर्नहॅम ग्रीन स्टेशनला सोड. तिथे बेडफर्ड पार्क आहे, १८७५ पासून वसवलेली कॉलनी, त्यातली बरीच घरं नॉर्मन शॉच्या डिझाइनची. शॉ म्हणजे त्या काळातला सगळ्यात यशस्वी घरवाला आर्किटेक्ट, त्यानेच त्या तोफा बनवणाऱ्या आर्मस्ट्राँगसाठी क्रॅगसाइड बांधलं, जिथे पाण्यावर वीज करून दिवे लावले होते. बेडफर्ड पार्कची घरं मात्र मध्यमवर्गीयांसाठी. लाल विटा, पांढऱ्या खिडक्या, गल्ल्यांना झाडं. सुंदर आहे, नाही म्हणत नाही. आणि त्या सगळ्या लालीलालीत साउथ परेडवर १४ नंबरला एक पांढरंफटक उंच सडपातळ घर उभं आहे, रफकास्टचं. १८९१ चं. लग्नाच्या पंगतीत सगळे जरीचे कोट घालून बसलेत आणि एक जण धुतलेल्या सदऱ्यात, असं.

मी समोरच्या मैदानाच्या कडेला उभा राहून बघत होतो. छपराखालचे ते लोखंडी ब्रॅकेट मोजले. खिडक्यांची रांग बघितली. एक छोटी गोल खिडकी आहे, ती नेमकी तिथेच का याच्यावर दहा मिनिटं गेली. एवढ्यात भुरभुर सुरू झाली आणि मला तेच बघायचं होतं, पाणी भिंतीवर कसं बसतं. मुलगी म्हणाली बाबा पुरे आता, लोकांच्या घराकडे असं टक लावून बघत बसाल तर पोलीस बोलावतील. मी म्हटलं बोलाव, त्यांना पण दाखवतो.

या घराची एक गोष्ट आहे, त्याच वेळी मासिकात छापून आलेली, आणि खरं म्हणजे सगळं पत्र मी या एका गोष्टीसाठी लिहितोय. घर साधं. पण बिल्डरला साधं बांधता येईना. त्या काळात सुतारांच्या, गवंड्यांच्या हातात ठरलेल्या सवयी होत्या, लाकडाची प्रत्येक कड गोलवायची, चौकटीच्या कोपऱ्याला नक्षीची खाच मारायची, पट्टीवर पट्टी ठोकायची, न सांगता. सांगितलं नाही म्हणजे करायचंच. तर बिल्डरने आपल्या लाडक्या नक्षीकामाला कुठे कुठे हात लावायचा नाही हे दाखवण्यासाठी व्हॉयसीला त्या घराच्या काँट्रॅक्ट ड्रॉइंगच्या १८ शीट काढाव्या लागल्या. अठरा! एवढ्याशा घराला! काय करायचं ते सांगायला नव्हे, काय करायचं नाही ते सांगायला.

हे वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठलो होतो. कारण माझ्याच हातून झालेली एक गोष्ट आहे. नव्वदच्या दशकात कोथरूडला एका डॉक्टरांचा बंगला होता, आमच्या ऑफिसचं काम, ड्रॉइंग सगळी माझी. डॉक्टर सांगून गेले होते, मला साधं हवंय, एकदम साधं, आईला दम्याचा त्रास आहे, धूळ साठेल असं काही नको. मी साधं काढलं. चार शीटमध्ये झालं. एलेव्हेशनवर, म्हणजे दर्शनी बाजूच्या ड्रॉइंगवर, सरळ रेघा, बाल्कनीला सरळ कठडा, आत सरळ छत. मला वाटलं सरळ रेघेला काय समजवायचं. सहा महिन्यांनी साइटवर गेलो तर पोर्चच्या दोन चौकोनी कॉलमना गोल करून वर पानंफुलं, हॉलच्या छताला चारी बाजूंनी पीओपीची जाडजूड पट्टी, मधोमध पंख्याभोवती कमळ, आणि कठड्याला त्या बाटल्या. काँट्रॅक्टर खूश होता, म्हणाला साहेब ड्रॉइंगमध्ये राहून गेलं होतं म्हणून मी माझ्या पदरचं टाकलंय, एक्स्ट्रा लावत नाही. डॉक्टर गावाला गेले होते, पाया पडून परत काढायला लावलं असतं तर कॉलमचं प्लास्टर सगळंच फोडावं लागलं असतं. राहिलं. त्यांच्या आईंनी त्या पीओपीच्या पट्टीवरची धूळ काढायला शेवटपर्यंत बाई ठेवली होती. चूक कोणाची विचाराल तर माझी. ड्रॉइंग जिथे गप्प बसतं तिथे काँट्रॅक्टर बोलायला लागतो. चारच्या जागी अठरा शीट काढायला हव्या होत्या.

आणि त्या अठरा शीट कोणी काढल्या असतील? तिथे माझ्यासारखा कोणी असता तर बरं झालं असतं. शॉचं ऑफिस मोठं होतं, हाताखाली तयार पोरं होती. व्हॉयसीकडे मदतनीस मोजकेच, आणि सगळं स्वतः काढायची खोड. प्लॅन तर झालाच, पण दाराची बिजागरी, कडी, किल्लीच्या भोकावरचं झाकण, पत्रपेटीची फट, शेगडीपुढची जाळी, खुर्ची, घड्याळ, चमचा. त्याच्या दाराच्या लांब बिजागऱ्या बघा, टोकाला बदामाचा आकार, हार्ट. ही त्याची सही होती म्हणायला हरकत नाही. एकदा चांगली बिजागरी जमली की ती एका लोहारकाम कंपनीकडून करून घ्यायचा आणि तीच पुढच्या घरांना. म्हणजे फॅन्सी नव्हे, पुन्हा हिशोब. फी किती, तर तेव्हा आर्किटेक्टची सर्रास फी बांधकामाच्या खर्चाच्या पाच टक्के. आता विचार करा, स्वस्त घर बांधणारा आर्किटेक्ट, खर्चावर टक्केवारी, आणि काम मात्र दुप्पट. हजार पौंडाच्या घराला पन्नास पौंड. जितकं वाचवेल तितकी स्वतःची फी कमी. असा धंदा करणाऱ्याला आपल्याकडे काय म्हणतात ते मी छापायला देत नाही.

संपादकांना पत्रं लिहिण्यावरून आठवलं. मार्च १८९१ मध्ये लंडनच्या 'टाइम्स'मध्ये असंच एक पत्र छापून आलं होतं, खाली शॉसकट बऱ्याच नामवंत आर्किटेक्टांच्या सह्या. मुद्दा असा की आर्किटेक्टला परीक्षा पास करून सरकारी रजिस्टरात नाव घालायची सक्ती करू नका, ही कला आहे, परीक्षेने मोजता येत नाही. भांडण बरीच वर्षं चाललं, रजिस्ट्रेशनचा कायदा तिकडे थेट १९३१ ला आला. म्हणजे व्हिक्टोरियाच्या काळात ज्याला वाटेल तो पाटी लावून आर्किटेक्ट. मी जन्माला चुकीच्या देशात आणि चुकीच्या शतकात आलो असं आमची ही नेहमी म्हणते, तिचं कारण वेगळं असतं पण.

१८९० नंतर मात्र व्हॉयसीचे दिवस फिरले. माल्व्हर्नच्या टेकड्यांजवळ पेरीक्रॉफ्ट, सरेमध्ये ग्रेफ्रायर्स आणि नॉर्नी, हॅम्पस्टेडला बापासाठी ॲनस्ली लॉज. ज्या पोराने बापाचं घर जाताना बघितलं त्याने बापाला घर बांधून दिलं, यावर मी जास्त लिहीत नाही. आणि १८९८ ला विंडरमिअर तळ्याच्या काठी ब्रॉडलीज, यॉर्कशायरच्या एका कोळसा खाणवाल्यासाठी. हे घर मी बघितलेलं नाही, प्लॅन मात्र इतक्या वेळा बघितलाय की अंधारात चालता येईल. तळ्याच्या बाजूला तीन गोलसर पुढे आलेल्या खिडक्या, खालपासून वरपर्यंत. मधली खिडकी ज्या हॉलची तो दोन मजली उंच. बुटकी छतं म्हणून भांडणारा माणूस इथे हॉल उंच करतो, कारण समोर तळं आहे. नियम स्वतःचा, मोडायचा कुठे तेही स्वतःला माहीत. आता तिथे मोटरबोट शर्यतींचा क्लब आहे, म्हणजे घर वापरात आहे, बरं आहे.

क्लाएंटशी खडाजंगी पण व्हायची. एच. जी. वेल्स, तो भविष्यातल्या गोष्टी लिहिणारा लेखक, त्याचं घर सँडगेटला व्हॉयसीने केलं, १९०० ते ०१, म्हणजे राणी गेली ते वर्ष. वेल्सची तब्येत तेव्हा नाजूक, पुढे चाकाच्या खुर्चीत बसायची वेळ येईल या धास्तीने त्याला राहायच्या आणि झोपायच्या खोल्या एकाच मजल्यावर हव्या होत्या. ते मिळालं. मग दारावरच्या पत्रपेटीवर व्हॉयसीने नेहमीप्रमाणे बदाम काढला. वेल्स म्हणाला मी माझं काळीज असं दारावर टांगणार नाही. शेवटी तडजोड काय, तर बदाम उलटा केला आणि खाली दांडी जोडली, पत्त्यांतला इस्पिक झाला. घराचं नावच पडलं 'स्पेड हाउस'. दोन हट्टी माणसांत याहून स्वस्तात मिटलेलं भांडण मी माझ्या ३८ वर्षांत बघितलेलं नाही, आमच्याकडे बाथरूमच्या टाइल्सवरून लोक कोर्टात गेलेत.

स्वतःचं घर त्याने १८९९-१९०० ला चॉर्लीवुडला बांधलं, 'द ऑर्चर्ड', मेट्रोपॉलिटन रेल्वेच्या लाइनवर. तिथे रेल्वे १८८९ ला पोचली होती आणि लंडनला ऑफिस, राहायला बाहेर, हे नव्यानेच लोकांना परवडायला लागलं होतं. हा मुद्दा जाहिरातवाल्यांनी खरं तर घ्यायला हवा होता, रेल्वे नसती तर हे अर्धे क्लाएंट शहर सोडून गेलेच नसते. फार मोठं घर नाही. आत लाकूडकाम पांढरं, शेगड्यांना हिरव्या टाइल्स. आणि घरात वागायला कसा, तर कोटाला लेपल (कॉलरखालच्या दुमडलेल्या पट्ट्या) नाही, बाहीला दुमड नाही, कारण धूळ साठते! स्वतःचे कपडे स्वतः डिझाइन करायचा. डॉक्टरांच्या आईंची आठवण झाली मला हे वाचून.

पुढचं थोडक्यात. १९०२ ला सँडरसन वॉलपेपर कंपनीसाठी त्याने चिसिकमध्ये फॅक्टरी बांधली, पांढऱ्या चकचकीत विटांची, त्याची एकच फॅक्टरी, बेडफर्ड पार्कपासून चालत जाता येतं, आम्ही गेलो, मुलीने तिथे कॉफी पाजली तेव्हा कुठे मी गप्प बसलो. एका जर्मन वकिलातीतल्या माणसाने, हर्मान मुथेसियसने, इंग्लिश घरांवर तीन खंड लिहिले, १९०४-०५ ला आले, त्यात व्हॉयसीचं कौतुक, युरोपभर नाव झालं. आणि घरी? घरी फॅशन बदलली. लोकांना परत खांब हवे झाले, हो, तेच खांब, परत एकसारख्या खिडक्या आणि मधोमध दार. याला ते जमणारं नव्हतं, बापाचा पोरगा. काम आटलं, पहिल्या महायुद्धानंतर जवळजवळ नाहीच. लंडनच्या सेंट जेम्स स्ट्रीटवर एका फ्लॅटमध्ये राहायचा, परत वॉलपेपर आणि कापडाची डिझाइन. मुलगा पण आर्किटेक्ट झाला आणि बापाला न आवडणाऱ्या स्टाईलमध्ये टाउन हॉल वगैरे बांधले. घरोघरी मातीच्या चुली.

म्हातारपणी नवीन पिढीचे काँक्रीट-काचवाले लोक त्याला आपला पूर्वज म्हणायला लागले, साध्या भिंती, आडव्या खिडक्या बघून. तो चिडायचा. मी गॉथिक परंपरेतला माणूस आहे, तुमचं ते सपाट छप्पर माझ्या गळ्यात घालू नका, असा एकंदर सूर. १९४० ला आर्किटेक्टांच्या रॉयल इन्स्टिट्यूटने सुवर्णपदक दिलं आणि फेब्रुवारी १९४१ मध्ये तो गेला, ८३ वर्षांचा होऊन. शेवटचं नाव घेण्यासारखं घर बांधून तेव्हा तीसेक वर्षं झाली होती.

मोठं झालं पत्र, कल्पना आहे मला. तुमच्याकडे जागेची अडचण असेल तर बाप, लेपल, वेल्स, माझ्या पाट्या रंगवणं, काय हवं ते कापा. १८ शीटवाला मजकूर तेवढा राहू द्या. आणि जाहिरात विभागात ओळख असेल तर त्या स्कीमवाल्यांना विचारा की सिंह ड्रॉइंगमध्ये आहेत की काँट्रॅक्टरने पदरचे टाकलेत.

आपला,
एक निवृत्त ड्राफ्ट्समन, पुणे